दोन बोटांचा आधार

विमानाला हॉर्न नसतो हे कळल्यावर आमच्या सासूबाईंचा त्या वाहनावरचा विश्वास पार उडाला.

“हॉर्न नाही? मग समोरच्याला कसं कळणार, तू येऊन राहिलीस म्हणून?”

“आई, समोर कोणी नसतंच.”

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. समोर कोणी नाही असा रस्ता त्यांनी इंदुरात उभ्या जन्मात पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर मीही पाहिला नव्हता.

तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते. पलासियातल्या एका कोचिंग क्लासमध्ये कित्येक वर्षं फिजिक्स शिकवत होते, विजय नगरच्या फ्लॅटमध्ये नवरा आणि सासूबाईंबरोबर राहत होते आणि शनिवार-रविवारी सकाळी शहराबाहेरच्या एका छोट्या हवाईपट्टीवर विमान उडवायला शिकत होते. पायलटची नोकरी मला करायची नव्हती, आणि त्या वयात ती मला कोणी दिलीही नसती. मला एकच गोष्ट हवी होती आणि तिच्यासाठी मी हट्टाला पेटले होते. एकदा, निदान एकदा, विमान एकटीने वर न्यायचं आणि एकटीने खाली आणायचं. शेजारच्या सीटवर कोणीही नको. त्याला सोलो म्हणतात. सोलो झाला की शिकणाऱ्याचं नाक वर होतं म्हणे. माझं ते आधीपासूनच वर आहे असं नवरा म्हणायचा, पण त्याचं सोडा.

हे खूळ माझ्या डोक्यात भरवलं माझ्याच एका विद्यार्थिनीने. बारावीला ती पहिल्या बाकावर बसायची आणि डाउट विचारून विचारून माझा जीव खायची. एकदा मी फळ्यावर विमानाच्या पंखाची आकृती काढली. वरची बाजू फुगीर, खालची सपाट, म्हणून वरची हवा जोरात पळते आणि पंख उचलला जातो, असं झोकात समजावून सांगितलं. ही उठून उभी.

“मॅम, पण विमान उलटं पण उडतं ना? तेव्हा तर फुगीर बाजू खाली जाणार. मग ते खाली का नाही ओढलं जात?”

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी खडू खाली ठेवला आणि म्हटलं, “मला माहीत नाही. तू शोध, आणि सापडलं की मला सांगायला ये.”

ती आली. मधे बरीच वर्षं गेली होती. क्लास सुटल्यावर दारात मिठाईचा डबा घेऊन उभी राहिली, तेव्हा मला वाटलं लग्न ठरलं असणार. तर म्हणाली, “मॅम, उत्तर सापडलं.” ती उड्डाण शिकवणारी इन्स्ट्रक्टर झाली होती.

उत्तर फार सोपं होतं. धावत्या सिटी बसच्या खिडकीतून हात बाहेर काढायचा, तळवा जरासा तिरका करायचा, की वारा हात वर ढकलतो. पंख हवेत किती तिरका धरलाय, त्यावर सारा खेळ. आकाराची मदत होते, पण खरं काम त्या तिरकेपणाचं, म्हणून उलटं उडतानाही नाक तेवढं तिरकं धरलं की विमान तग धरतं. मी इतकी वर्षं बसने आलेगेले, खिडकीतून हात काढणाऱ्या पोरांवर ओरडले, आणि हे कधी डोक्यात आलं नाही!

“पण मॅम, सांगून काय मजा,” ती म्हणाली. “चला ना, दाखवते.”

मी गेले, आणि पहिल्याच फेरीनंतर माझी गत वेड्यासारखी झाली. डॉक्टरी तपासणी करून घेतली. चष्मा चालतो हे ऐकून डॉक्टरलाच मिठी मारायची बाकी ठेवली. हवामानाची, हवाई नियमांची परीक्षा दिली. जन्मभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतल्या, मला कसली भीती, असं सगळ्यांना सांगत होते आणि परीक्षेच्या सकाळी पोह्याचा घास घशाखाली उतरत नव्हता.

बातमी पसरल्यावर जो तो प्रश्न विचारायला लागला. विमानाला चावी असते का? असते, स्कूटीसारखीच. हे ऐकून लोक जरा हिरमुसायचे. रिव्हर्स गिअर? नाही, लहान विमान मागे घ्यायचं तर खाली उतरून हाताने ढकलायचं. हे ऐकल्यावर मात्र विमान त्यांना एकदम घरचं वाटायला लागायचं. ब्रेक कुठे? पायाच्या चवड्यापाशी. बाथरूम? घरून जाऊन यायचं. आणि सगळ्यांचा लाडका प्रश्न, इंजिन मधेच बंद पडलं तर? तर ते दगडासारखं पडत नाही. नाक जरा खाली करून वेग सांभाळायचा, मग ते तरंगत तरंगत उतरत येतं आणि तेवढ्यात आपण उतरायला एखादं मोकळं शेत हेरायचं. आमच्या कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याने जिलबी तोलता तोलता विचारलं, “मतलब भाभीजी, न्यूट्रल में ढलान उतरने जैसा?” मी म्हटलं, “बस भिया, एकदम वैसा.” दहावी-बारावीच्या पोरांना मी हे यापेक्षा जास्त वेळ घेऊन शिकवते.

दुसऱ्यांना उत्तरं द्यायला मी तयारीची, पण माझी स्वतःची फजिती वेगळीच चालली होती. जमिनीवर विमान हाताने वळत नाही, पायाने वळतं. मी मात्र स्टिअरिंग गच्च पिळायचे आणि विमान आपलं सरळ गवताकडे निघायचं. हवेत वळताना मी स्कूटीवर झुकतात तशी अंगाने झुकायचे, जणू माझ्या झुकण्यावाचून ते वळणारच नव्हतं. रेडिओवर पहिल्यांदा टॉवरने हाक मारली तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, “हां जी, बोलिए.” आणि एकदा खिशातून रुमाल काढताना सेव्हची पुडी विमानाजवळ सांडली. इंदूरकराच्या खिशात सेव्ह सापडणार नाही तर काय सापडणार! पण विमानाच्या नाकावरच्या पंख्याजवळ सुटं काही पडू द्यायचं नसतं, पंखा ते ओढून घेतो. त्यामुळे मी आणि माझी विद्यार्थिनी, दोघी ओणव्या होऊन सेव्हचा दाणा न् दाणा वेचत बसलो.

उतरणं मात्र मला सुरुवातीपासून जमलं. सगळे सांगतात, वर जाणं सोपं, खाली येणं महाकठीण. मला तसं काही जाणवलंच नाही. पट्टी समोर यायची, मी नाक हळूच वर धरायचे आणि विमान असं अलगद टेकायचं की चहा सांडला नसता. “लँडिंग तर माझ्या हातातच आहे,” असं मी क्लासमध्ये, सोसायटीत, नातेवाइकांत सगळीकडे सांगून ठेवलं होतं. सोलो आता फार लांब नाही, असंच धरून चालले होते.

याच दिवसांत सासूबाईंनी जाहीर केलं, “तू विमान शिकतेस ना? मग मी स्कूटी शिकणार.”

नवऱ्याने चहाचा कप खाली ठेवला. त्याची आई सत्तरीच्या उंबरठ्यावर होती.

“कशाला पण, आई? कुठे जायचं असेल तर मी सोडतो ना.”

“तेच तर नको आहे,” त्या म्हणाल्या. “मंदिरात जायचं तर तुला विचारा, भजनाला जायचं तर हिला विचारा. भाजी आणायची तर ऑटोवाल्याची मनधरणी. मला कोणालाच विचारायचं नाही आहे.”

त्यांची तळमळ मला नेमकी कळली, कारण तीच माझीही होती. शेवटी हळू चालणारी, बॅटरीवरची, ठेंगणी स्कूटी आली. शिकवायचं काम माझ्याकडे आलं. सोसायटीच्या मागे एक सरळ, सकाळी सामसूम असलेला रस्ता आहे. रोज क्लासला जाण्याआधी आम्ही तिथे जायचो. सासूबाई हेल्मेटवरून स्कार्फ बांधून, पदर खोचून, डोळे चाकावर रोखून बसायच्या, आणि मी मागून ओरडायचे, “आई, चाकाकडे नका बघू! लांब बघा, लांब!”

हे ओरडत असताना माझा हात कुठे होता, ते त्यांना माहीत नव्हतं. मी मागचं कॅरिअर धरून पळत असायचे. पहिल्या दिवशी धरलं ते ठीकच होतं. पण मग त्या चांगल्या चालवायला लागल्या तरी माझ्याने सोडवेना. या वयात पडल्या, हाड मोडलं तर? म्हणून हलक्या हाताने, त्यांना जाणवणार नाही अशी, मी धरून धावायचे. त्या घरी येऊन सोसायटीतल्या बायकांना सांगायच्या, “एकटीने चालवली आज. ही आपली मागे उभी होती.” मी धापा टाकत मान डोलवायचे. केवढी खूश असायची ती बाई, आणि तिला खूश बघून मीही.

एका सकाळी आम्ही रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडून निघालो. ऊन पाठीमागून येत होतं आणि सावल्या लांबच लांब पुढे पडल्या होत्या. मधेच सासूबाईंनी करकचून ब्रेक लावला. मी कॅरिअरवर आपटता आपटता वाचले. त्या रस्त्याकडे बघत होत्या. तिथे स्कूटीची सावली होती, तिच्यावर त्यांची, आणि बाजूला हात लांब करून वाकलेली माझी.

“रोज धरत होतीस?” त्यांनी विचारलं.

“आई, अहो, पडला असता तर...”

“पडले असते.” त्यांचा आवाज कापत होता. “पडले असते तर पडले असते. माझं पडणं माझं होतं ना? मी साऱ्या बिल्डिंगला सांगत फिरले, एकटीने चालवते म्हणून. हसं केलंस माझं.”

त्या स्कूटी ढकलत घरी आल्या. तेव्हापासून माझ्याशी बोलणंच बंद. जेवायला वाढलं, पण वाटी जरा जोरातच ठेवली. मला वाईट वाटलं आणि राग पण आला. भलं करायला जावं तर हे असं! पण संध्याकाळी क्लासमध्ये फळ्याकडे तोंड करून उभी असताना एक विचार आला आणि माझा हात जागच्या जागी थांबला.

त्या विमानात दोन स्टिअरिंग असतात. शिकणारा डावीकडे, शिकवणारा उजवीकडे. दोन्ही एकमेकांना आतून जोडलेली, एक हललं की दुसरं हलतं. आणि लँडिंगच्या वेळी माझे डोळे पट्टीवर खिळलेले असायचे. शेजारी काय चाललंय ते मी एकदाही बघितलं नव्हतं.

त्या शनिवारी मी बघितलं. पट्टी जवळ आली, मी नाक वर धरायला लागले आणि हळूच नजर उजवीकडे फिरवली. तिच्या स्टिअरिंगवर तिची दोन बोटं होती. फक्त दोन, हलकी, मला जाणवू नये अशी. विमान नेहमीसारखं अलगद टेकलं.

मी विमान जागेवर आणलं, इंजिन बंद केलं आणि विचारलं, “रोज धरत होतीस?”

माझ्या तोंडी सासूबाईंचेच शब्द होते. तिने नाटक केलं नाही. तिचे डोळे भरून आले.

“मॅम, तुम्हाला कसं सांगू? बाकी स्टुडंट्सना मी सरळ ओरडते. तुमच्यावर कशी ओरडू? तुम्ही माझा एक पण डाउट कधी हसण्यावारी नेला नाही. तुमचं लँडिंग खराब झालं की माझा हात आपोआप जातो. मला वाटायचं, आज नाही तर उद्या जमेल, तेव्हा काढून घेईन.”

मला इतका संताप आला होता की दार आपटावंसं वाटलं. पण विमानाचं दार फार नाजूक असतं, आपटायचं नसतं हे तिनेच शिकवलं होतं. मग हळूहळू कळलं की रागवायचं तरी कोणावर. ती जे करत होती, ते अगदी तेच मी घरी करत होते, तितक्याच मायेने. आपल्याकडे ज्याच्या पाया पडतो त्याला ‘चुकतंय’ म्हणून तोंडावर सांगत नाहीत. जमिनीवर ते खपून जातं.

“हे बघ,” मी म्हटलं, “इथे मी मॅम नाही. इथे तू मॅम. हात मांडीवर ठेवायचे आणि चुकलं की बोलायचं. मला एकटीने उतरवायचं आहे, तुझ्या बोटांनी नाही.”

ती तयार झाली, पण मराठीत तिला माझ्यावर रागवताच येईना. ‘मॅम, तुम्ही’ म्हटलं की सगळा राग तिथेच विरघळायचा. म्हणून पठ्ठीने हिंदीचा आधार घेतला. बोटं निघाल्यावरचं माझं पहिलं लँडिंग म्हणजे काय वर्णावं! चाकं आपटली, विमान उडालं, पुन्हा आपटलं, पुन्हा उडालं. शेवटी तिने मला इंजिनाचा जोर वाढवून पुन्हा वर घ्यायला लावलं आणि वर गेल्यावर शांतपणे म्हणाली, “मैम, ये लैंडिंग नहीं थी। ये हिंगोट था।”

आमच्याकडे गौतमपुऱ्यात दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी दोन गट एकमेकांवर पेटते हिंगोट फेकतात. वाळलेल्या फळात दारू भरलेली असते आणि सुटलेला हिंगोट कुठे आपटेल, कुठे उसळेल, हे फेकणाऱ्यालाही सांगता येत नाही. माझ्या लँडिंगला याहून चपखल नाव नव्हतं. त्यानंतर कितीतरी शनिवार-रविवार मी हिंगोटच फेकत होते. सोलोचं नाव निघेना. शेखी तर गावभर मिरवून झाली होती. लोक विचारायचे, “झालं का एकटीचं?” मी विषय बदलायचे. आपल्याच्याने हे होणार नाही, उगीच म्हातारपणी थेरं, असं मला खरोखर वाटायला लागलं होतं. रडूही आलं, तेही फिजिक्सच्या पेपरांवर.

घरी इकडे दुसरंच चाललं होतं. सासूबाईंनी माझी शिकवणी बंद केली होती. त्या एकट्या जायच्या आणि मला खिडकीतसुद्धा उभं राहू द्यायच्या नाहीत. एक दिवस कोपर खरचटून, साडीला माती लागलेली, अशा परत आल्या. नवरा धावला, मी हळद घेऊन धावले, आणि त्या सोफ्यावर बसून हसत होत्या.

“पडले,” त्यांनी सांगितलं, जणू बक्षीस मिळालं. “आणि उठले पण.”

हळद लावून घेता घेता त्यांनी माझ्याकडे बघितलं. आमचं बोलणं तेव्हापासून पुन्हा सुरू झालं, हे मला चांगलं आठवतं.

“तुझं काय अडून राहिलंय?”

मी सांगितलं, उतरताना शेवटच्या क्षणी अंदाज चुकतो. कधी फार लवकर नाक उचलते, कधी उशिरा.

“बघतेस कुठे तेव्हा?”

“समोर. म्हणजे नाकाच्या पुढे, डांबरावर.”

“अगं, मग!” त्यांनी कोपर सोडवून घेतलं. “मला रोज कानीकपाळी ओरडायचीस ना, चाकाकडे नका बघू, लांब बघा. आणि तू स्वतः काय करून राहिलीस?”

त्यांचं बरोबर होतं. पलासियाच्या ट्रॅफिकमध्ये इतकी वर्षं स्कूटी चालवलेल्या माणसाची नजर चाकापुढच्या हातभर रस्त्याला चिकटलेली असते. खड्डा, गाय, मधेच घुसणारा ऑटो, सगळं तिथेच. विमान उतरवताना तेवढ्याच डांबराकडे बघितलं की ते नुसतं सर्रकन मागे पळतं आणि आपण किती उंचावर आहोत ते कळतच नाही. लांब, पट्टीच्या शेवटाकडे बघितलं की जमीन कशी सावकाश वर येते ते दिसतं. माझ्या विद्यार्थिनीने हे मला हिंदीत कितीदा सांगितलं असेल. पण माझंच वाक्य मला परत मिळालं तेव्हा ते डोक्यात शिरलं.

पुढच्या खेपेला मी पट्टीच्या टोकापलीकडचं कडुनिंबाचं झाड नजरेत धरलं. नाक, डांबर, चाकं, सगळं विसरून फक्त ते झाड. जमीन वर आली, मी वाट बघितली, अजून वाट बघितली, मग हात हळूच मागे. चाकं टेकली. अलगद नाही, पण टेकली ती राहिली. मी उजवीकडे बघितलं. तिचे दोन्ही हात मांडीवर होते, घट्ट मुठी वळलेले.

“मैम,” ती म्हणाली, आणि मग हिंदी सुटून गेली, “मॅम, हे तुमचं होतं.”

तशी बरीच उतरवली, काही बरी, काही ओबडधोबड. आमच्या फ्लाइंग क्लबच्या मोठ्या सरांनी माझ्याबरोबर एक फेरी मारून पाहिली आणि उतरताना फक्त “ठीक है” म्हणाले. आणि एका रविवारी, हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी, पट्टीच्या कडेला तिने मला थांबायला सांगितलं. इंजिन चालूच होतं.

“मॅम, मी उतरते. एक फेरी मारून या.”

इतके महिने जे मागत होते ते समोर आल्यावर मला म्हणावंसं वाटलं, आज नको, पुढच्या रविवारी. तिने आपल्या रिकाम्या सीटचा पट्टा नीट बांधला, सुटा राहू नये म्हणून. मग जाता जाता ती वाकली आणि माझ्या पायांना हात लावायला लागली.

“अगं बाई! पायाखाली ब्रेक आहेत!” मी किंचाळले.

ती इतकी हसली की तिला दार बंद करता येईना. त्या हसण्याने माझी भीती निम्मी झाली.

एकटीला घेऊन विमान भलतंच चटकन उचललं, शेजारचं वजन गेलं होतं ना. पट्टी खाली राहिली. मी डावीकडे वळले, पुन्हा वळले. थंडीतली हिरवी शेतं, गव्हाची आणि लसणाची, थेट गौतमपुऱ्याच्या दिशेने पसरलेली. आणि तेव्हा मी उजवीकडे बघितलं. रिकाम्या सीटसमोरचं स्टिअरिंग हलत होतं. मी माझं जरा वळवलं, तेही वळलं. मी ओढलं, तेही मागे आलं. त्यावर कोणाची बोटं नव्हती.

“आई!” मी त्या इंजिनाच्या आवाजात मोठ्याने ओरडले. “बघा, कोणी धरलेलं नाही!” मी हसत होते, रडत होते, आणि तरी वेगाच्या काट्याकडे बघत होते. इतका निखळ आनंद मला त्याआधी कधी झाला असेल तर तो मला आठवत नाही.

मग कडुनिंब दिसला. मी त्याच्यावर नजर लावली. जमीन सावकाश वर आली. टेकताना विमानाने एक लहानशी उडी घेतली आणि मग निमूट बसलं. ती उडीसुद्धा मला हवीहवीशी वाटली, कारण ती सगळी माझी होती.

विमानं ठेवायच्या हँगरपाशी सगळे जमले होते. माझ्या विद्यार्थिनीने गुपचूप कळवलं होतं, म्हणून नवरा सासूबाईंना गाडीने घेऊन आला होता. पहिला सोलो झाला की त्या माणसाला बादलीभर पाण्याने भिजवायची रीत आहे. बादली भरून तयार होती आणि माझ्या विद्यार्थिनीच्या हातात होती. पण ती तशीच उभी. आपल्या मॅमवर पाणी कसं ओतायचं, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. बाकीची शिकणारी पोरं तिला ओरडून सांगत होती, “मैम, डालो, डालो!”

“टाक ना!” मी म्हटलं.

“मॅम, थंडी आहे...”

“आण इकडे,” सासूबाई पुढे झाल्या. त्यांनी बादलीला हात घातला, तेव्हा कुठे माझ्या विद्यार्थिनीनेही दुसऱ्या बाजूने धरली, आणि दोघींनी मिळून ती माझ्या डोक्यावर रिकामी केली. रंगपंचमीला रंग उडवत निघणाऱ्या आमच्या गेरच्या मिरवणुकीतसुद्धा मी इतकी कधी भिजले नव्हते. मी कुडकुडत होते, माझी विद्यार्थिनी तोंड झाकून हसत होती आणि नवरा रुमाल शोधत होता.

गाडीकडे जाताना सासूबाई माझ्या शेजारून चालत होत्या. जरा वेळाने त्यांनी विचारलं, “मागून कोणी धरलं नव्हतं ना?”

“नाही.”

“खरं?”

“खरं, आई.”

मग त्यांनी विचारलं, “आणि पडली असतीस तर?”

उत्तर त्यांनीच मला देऊन ठेवलं होतं. मी हसून म्हटलं, “पडले असते.”

“गप्प बस,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज त्या दिवशीसारखाच कापला. त्यांनी माझा गार पडलेला, ओला हात धरला, घट्ट, आणि गाडीपर्यंत सोडला नाही. मीही सोडा म्हटलं नाही.